आप्पांचं असेसमेंट इयर

‘रिटर्न कुठे भरायचं?’ असं आप्पांना विचारू नये. रामबागेत नव्याने राहायला आलेला माणूस एकदाच विचारतो. चौकशी जिन्यात सुरू होते आणि संपते तेव्हा त्याच्या पिशवीतलं दूध नासायच्या बेतात असतं. घटनेची सातवी अनुसूची मात्र त्याला पाठ झालेली असते.

“कुठे म्हणजे? दिल्लीचं, मुंबईचं की शंकरराव चौकातलं?” इथून आप्पा सुरुवात करतात. दिल्लीचं म्हणजे इन्कम टॅक्स. मुंबईचं म्हणजे राज्य सरकार पगारातून कापून घेतं तो प्रोफेशन टॅक्स. शंकरराव चौकातलं म्हणजे आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेची घरपट्टी. मग केंद्राच्या यादीतली 82 क्रमांकाची नोंद येते, राज्याच्या यादीतली 46 क्रमांकाची येते. समोरच्याकडे गुंठाभर शेती नसते, वन बीएचके आणि त्याचे हप्ते असतात. पण आप्पा शेती सोडत नाहीत. “शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा अधिकार राज्याचा, आणि महाराष्ट्र तो मागत नाही. दिल्लीला मागायचा हक्कच नाही. तरी दिल्ली रिटर्नमध्ये शेतीचा आकडा लिहायला लावते. का? तर बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवायला! हक्क नाही, पण चौकशी आहे.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसतो, कौतुक असतं. इमारतीत आप्पांचं स्वतःचं धोरण याहून वेगळं नाही.

आप्पा फोर्टमधल्या एका कचेरीत एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला होते. उभा जन्म कल्याण फास्टमध्ये लटकून त्यांनी दुसऱ्यांचे पगार काढले आणि दुसऱ्यांचे सोळा नंबरचे फॉर्म भरले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, वाचनालयात जातात, काळा तलावाला फेऱ्या मारतात. आप्पा पारदर्शक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन इमारतीच्या गेटाशी बसतात. जून उजाडला की फोल्डर जाड होतं आणि गेटातून जाणाऱ्यांची पावलं जलद होतात.

त्यांचा स्वतःचा कर मला माहीत आहे तेव्हापासून शून्य आहे. पेन्शन, मुदतठेवीचं व्याज, वर ज्येष्ठ नागरिकाला 1961 च्या कायद्यातल्या 80 टीटीबीखाली व्याजावर मिळणारी पन्नास हजारांची वजावट. हिशेब खाली येईपर्यंत काही उरत नाही. माझं निरीक्षण असं, की ज्यांना भरपूर कर असतो ती माणसं कराबद्दल बोलत नाहीत. ती सीएला फोन करतात, सुस्कारा टाकतात आणि चेक फाडतात. कराचा अभ्यास करतो तो शून्यवाला. त्याला सरकारला काही द्यायचं नसतं; आपण वेळेवर हजर होतो याची सरकारकडून पोच हवी असते.

आप्पांकडे अशा पोचा नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनच्या आहेत. त्या काळात पगारदारांचं रिटर्न लालबागच्या पिरामल चेंबर्समध्ये द्यावं लागे. कल्याण स्लोने करी रोडला उतरायचं आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी पावसात रांग धरायची. रांग जिना उतरून रस्त्यावर आलेली असे. आप्पांचा आग्रह शेवटच्या दिवसाचाच. आधी दिलं तर शिक्क्यावर शेवटची तारीख येत नाही, आणि शेवटची तारीख नसेल तर त्या शिक्क्याला वजन काय? नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका पानाचा ‘सरल’ फॉर्म आला, त्याच सुमारास सरकारने ‘वन बाय सिक्स’ काढलं. घरात टेलिफोन असेल, मोटार असेल, परदेशवारी केली असेल, अशा सहांतलं एक जरी लागू झालं तरी उत्पन्न नसताना रिटर्न भरायचं. आप्पांच्या घरी तेव्हा नुकताच फोन लागला होता. बिल्डिंगमधले बाकीचे फोनवाले हबकले. आप्पांना मात्र फोनचा खरा उपयोग सापडला.

पुढे त्यांचं रिटर्न कल्याणला आलं. मुरबाड रोडवरच्या राणी मॅन्शनमधल्या आयकर कार्यालयात आप्पा चालत जाऊ लागले. “नोकरी फोर्टात होती तेव्हा रिटर्न लालबागला. पेन्शन कल्याणात, म्हणजे रिटर्न कल्याणात. माणूस कुठला, हे त्याचा वॉर्ड ठरवतो,” असं ते सांगत. आता ते कार्यालय खडकपाड्याला मोहन प्लाझात गेलंय आणि तिथे जायचं कारण उरलेलं नाही. तरी आप्पा संध्याकाळी त्या बाजूला फिरायला गेले की मान वर करून मजला बघतात.

26 जुलै 2005 ला वालधुनी नदीचं पाणी चढलं तेव्हा आप्पा नदीच्या बाजूलाच तळमजल्यावर राहत. काकूंनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीने, तांदळाचा डबा कपाटावर टाकला, देव्हारा टाकला आणि वळून बघतात तो आप्पा गुडघाभर पाण्यात, डोक्यावर फायलींची पत्र्याची पेटी घेऊन उभे. पाच दिवसांवर 31 जुलै, रिटर्नची शेवटची तारीख, होती. “माणसाला आधी काय वाचवावंसं वाटतं ते अशा वेळी कळतं,” काकू अजून म्हणतात. आप्पा त्यात फक्त तपशिलाची दुरुस्ती करतात: “त्या पेटीत तुझीही पोच होती.”

मग कागद गेला. म्हणजे आधी अर्धा गेला. रिटर्न कॉम्प्युटरवर भरायचं, पण सही करून एक पान बेंगळुरूला पोस्टाने पाठवायचं. त्या पानावर ठळक सूचना होती: स्टेपलर मारू नये. एस्टॅब्लिशमेंट सेक्शनच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावं लागलं. ज्याने आयुष्यभर टाचण मारल्याशिवाय कागद हलू दिला नाही, त्याच्या हातून सरकारने टाचणी काढून घेतली. घडी पडू नये, बारकोड पुसू नये म्हणून आप्पा ते पान पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत धरून पोस्टात नेत. त्या वेळचा पत्ता होता इलेक्ट्रॉनिक सिटी पोस्ट ऑफिस, पोस्ट बॅग नंबर 1. दुर्दैवाने त्यांचे जावई इलेक्ट्रॉनिक सिटीतच नोकरीला होते. जुलै संपला की जावयांना फोन जाई. “जाता जाता जरा बघून या, पाकीट पोचलं का.” जावयांनी पहिल्या वर्षी समजावलं, दुसऱ्या वर्षी हसून सोडलं, तिसऱ्या वर्षी ‘हो आप्पा, बघून आलो, पोचलंय’ म्हणाले. आप्पांनी विचारलं, “कोणाच्या हातात दिलं?”

आता सगळंच आधारच्या ओटीपीवर आलंय. रिटर्न भरल्यापासून तीस दिवसांत पडताळणी करायची, नाहीतर भरलेलं रिटर्न फुकट. सोसायटीत निम्म्यांना हे दुसरं पाऊल असतं हेच माहीत नसतं; ‘सबमिट’ दाबलं की ते मोकळे. ऑगस्टात आप्पा दारोदार फिरून विचारतात, “पडताळणी केलीत?” पोलिओच्या डोसासाठी येणाऱ्या ताईसुद्धा इतक्या वेळा बेल वाजवत नाहीत.

7 जून 2021 ला नवं पोर्टल सुरू झालं आणि लगेच अडखळलं. अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला बोलावून घेतलं तेव्हा सगळा देश वैतागला होता. आप्पा तेवढे प्रसन्न होते. खिडकीवरचा माणूस जेवायला जायचा तसं आता पोर्टल जातं, म्हणजे सरकार अजून आहे, असं त्यांना वाटलं असावं.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एआयएस आलं आणि आप्पांच्या हाती अख्खी इमारत आली. एआयएस म्हणजे वर्षभरात तुम्ही कुठे काय कमावलंत, कोणत्या बँकेने किती व्याज दिलं, कोणते शेअर घेतलेत-विकलेत याची सरकारने काढलेली यादी. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन नंबर छोट्या लिपीत आणि पुढे जन्मतारीख. म्हणजे ज्यांचं ज्यांचं रिटर्न आप्पा बघतात, त्यांची त्यांची जन्मतारीख आप्पांना ठाऊक. पुरुषांचं काही अडलं नाही. बायकांच्या बाबतीत ही माहिती इमारतीत आजवर कोणाकडे नव्हती. त्यातून आप्पा पडले कर्तव्यदक्ष. त्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला सुरुवात केली, वयासकट. शिवाय साठीच्या पुढची निम्मी मंडळी 1 जूनला जन्मलेली निघाली. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने घातलेली ती तारीख. त्या दिवशी सकाळपासून आप्पा जिने चढत-उतरत होते आणि प्रत्येक दारात ऐकून घेत होते, “अहो, माझा खरा वाढदिवस श्रावणात असतो!” आप्पांचं उत्तर एकच: “तो घरचा. मी सरकारी देतोय.”

एआयएसवरून एक प्रसंग ओढवला होता. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं एकत्र बसलं होतं. आप्पांनी वहिनींची पीडीएफ उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. यादीत म्युच्युअल फंडाची खरेदी होती, दर महिन्याला, आणि रक्कम बरीच होती. नवऱ्याचा समज असा की घरखर्चातून काही उरतच नाही. आप्पांनी घसा खाकरला. “तुम्ही जरा खाली जाऊन झेरॉक्स काढून आणा,” ते नवऱ्याला म्हणाले. “कसली?” “पॅन कार्डाची. दोन्ही बाजूंची.” नवरा गेला. आप्पा वहिनींना म्हणाले, “खरेदीवर कर नसतो. विकाल तेव्हा असेल. तेव्हाही माझ्याकडेच या.” वहिनींनी त्या वर्षी दिवाळीचा फराळ आमच्या आधी आप्पांकडे पाठवला. ही हकीकत मला आप्पांनी सांगितलेली नाही. झेरॉक्सवाल्याने सांगितली, त्याला पॅन कार्डाच्या मागच्या बाजूची एवढी काय गरज पडली हे कळत नव्हतं.

राज्याचा कर हा आप्पांच्या मते धाकटा भाऊ आणि म्हणून दुर्लक्षित. पहिल्या मजल्यावरची मुलगी नोकरीला लागली, फेब्रुवारीची पगारचिठ्ठी घेऊन आली आणि रडवेली होऊन म्हणाली, “दर महिन्याला दोनशे कापतात, आणि फेब्रुवारीत तीनशे? दिवस तर कमी असतात!” आप्पा खुर्चीत नीट बसले. घटनेच्या कलम 276 प्रमाणे राज्याला व्यवसाय करापोटी एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा 1988 च्या घटनादुरुस्तीने आली. आधी ती अडीचशे होती. दोनशे गुणिले अकरा, बावीसशे. उरले तीनशे, ते फेब्रुवारीच्या डोक्यावर. “फेब्रुवारीचा दोष नाही, भागाकाराचा आहे.” मग त्यांनी चिठ्ठी पुन्हा बघितली आणि आवाज चढला. मुलीचा पगार पंचवीस हजारांच्या आत होता आणि 2023 च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात एवढ्या पगाराच्या बाईला व्यवसाय कर माफ आहे. तिच्या ऑफिसला पत्र गेलं. ऑफिसने पैसे परत केले, एका ओळीची दिलगिरीही कळवली. आप्पांनी ती ओळ लॅमिनेट करून घेतली.

पण आप्पांचं खरं वैभव परदेशात होतं. त्यांनी वाढवलेला पुतण्या न्यू जर्सीत राहायचा आणि मॅनहॅटनमध्ये नोकरी करायचा. दर वर्षी एप्रिलात फोन स्पीकरवर लागे. “बाळ, तुमचं रिटर्न कुठे भरतात?” पुतण्याने एकदा सगळं सांगितलं, आणि आप्पा त्या रात्री जेवले नाहीत, भूक नसल्यामुळे नव्हे, वेळ नसल्यामुळे. अमेरिकेत फेडरल रिटर्न वेगळं, ते 1040 क्रमांकाच्या फॉर्मवर आयआरएसला. राज्याचं वेगळं. पुतण्या राहतो न्यू जर्सीत, कमावतो न्यूयॉर्कात, म्हणून न्यूयॉर्कला बाहेरचा म्हणून एक आणि न्यू जर्सीला घरचा म्हणून एक. न्यूयॉर्कला जे भरलं त्याची वजावट न्यू जर्सी देते. सगळ्याची मुदत साधारण 15 एप्रिल.

“म्हणजे दोन्ही राज्यांना प्रोफेशन टॅक्स?”

“प्रोफेशन टॅक्स नाही आप्पा, इन्कम टॅक्स. तिकडे राज्यंही इन्कम टॅक्स घेतात. टेक्सास, फ्लोरिडा अशी काही घेत नाहीत.”

“मग तू तिथे का राहत नाहीस?”

“न्यूयॉर्क शहरात राहत असतो तर शहराचाही इन्कम टॅक्स वेगळा भरावा लागला असता.”

आप्पांनी फोन कानापासून लांब धरला. “म्हणजे आपल्या केडीएमसीने इन्कम टॅक्स घेतल्यासारखं!”

“हळू बोला,” काकू आतून म्हणाल्या, “कोणी ऐकलं तर सुरू करतील.”

आप्पांना सगळ्यात भावलं ते हे, की अमेरिकेत अजून रिटर्न कागदावर भरून पोस्टाने पाठवता येतं, आणि कोणत्या राज्यात राहता व सोबत चेक जोडलाय की नाही यावरून पाठवायचा पत्ता बदलतो. इकडे एकच पोर्टल, तिकडे पत्त्यांची यादी! आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना अमेरिका बघावीशी वाटली.

पुतण्याचा खडकपाड्याला एक फ्लॅट आहे, भाड्याने दिलेला. मालक तेव्हा अनिवासी भारतीय, म्हणून भाडेकरूने भाड्यातून 31.2 टक्के कर कापून सरकारात भरायला हवा. ही गोष्ट अख्ख्या कल्याणात किती भाडेकरूंना माहीत असेल देव जाणे. आप्पांनी मालकाच्या बाजूने असून भाडेकरूला सांगितली. तो उल्हासनगरला कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा सरळ माणूस. “शंभरातले एकतीस रुपये वीस पैसे मला देऊ नका, सरकारला द्या,” असं सांगणारा घरमालक त्याने पाहिला नव्हता. कापायला टॅन नंबर लागतो. आप्पांनी त्याला टॅन काढून दिला. दर महिन्याला चलन, तिमाहीला विवरण आणि प्रमाणपत्र. अकरा महिन्यांनी तो घर सोडून गेला. भाडं जड झालं नव्हतं, चलनं झाली होती. निघताना त्याने आप्पांना वाकून नमस्कार केला आणि नवा पत्ता दिला नाही.

त्यात दोन्ही देशांचं वर्ष निराळं. इकडे एप्रिल ते मार्च, तिकडे जानेवारी ते डिसेंबर. त्याच भाड्याचा आकडा आप्पा दोन रकान्यांत मांडत, एक कल्याणसाठी, एक अमेरिकेसाठी, आणि मधे लाल शाईची रेघ. एक दिवस पुतण्या म्हणाला, “आप्पा, तुमच्या मुदतठेवीत दुसरं नाव माझं आहे ना? तिचा आकडाही मला कळवावा लागतो.” परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेलं, तर अमेरिकेच्या अर्थखात्याला त्या खात्यांची माहिती द्यावी लागते, संयुक्त खात्यांसकट. काकू घाबरल्या. आप्पा मात्र दोन दिवस ताठ चालत होते. कल्याणातल्या आपल्या ठेवीची वॉशिंग्टनला नोंद! तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन केला. “त्यांनी पोच दिली असेल ना? एक कॉपी पाठव.”

गेल्या दोन वर्षांत आप्पांच्या धंद्याला उतरती कळा लागली आहे. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर लागत नाही हे ऐकल्यापासून इमारत त्यांना ओळख देईना. “कर नाही म्हणजे रिटर्न नाही, असं कुठे लिहिलंय?” आप्पा गेटाशी उभे राहून विचारतात. मुद्दा बिनचूक आहे. बारा लाखांपर्यंत जी मिळते ती सूट. करपात्रतेची पायरी चार लाखांनाच सुरू होते, आणि ती ओलांडली की रिटर्न भरायचंच, कर शून्य असला तरी. चुकलं तर विलंब शुल्क वेगळं. लोक ‘हो का आप्पा’ म्हणतात आणि रिक्षाला हात करतात.

त्याहून मोठा घाव नव्या कायद्याने घातला. 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा कायदा आला आणि त्याने ‘असेसमेंट इयर’ काढून टाकलं. कमाईचं वर्ष एक, त्याची आकारणी पुढच्या वर्षाच्या नावावर, हा जो गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या माणसं चलनावर घालत आली, तो संपवून सरळ ‘कर वर्ष’ ठेवलं. सगळ्यांनी स्वागत केलं. आप्पांचं मात्र सगळं आयुष्य असेसमेंट इयरमध्ये घडलेलं. पूर आला असेसमेंट इयर 2006-07 मध्ये. स्वतःचं लग्नही ते त्याच हिशेबाने सांगतात, त्यामुळे काकूंचा सुवर्णमहोत्सव एक वर्ष उशिरा झाला. 24 जुलैला, आयकर दिनाला, ते जेम्स विल्सनची आठवण काढतात: 1860 मध्ये याने हिंदुस्थानात इन्कम टॅक्स आणला आणि तीन आठवड्यांच्या आत कलकत्त्याला वारला. “तळतळाट,” काकू दर वर्षी म्हणतात. आप्पांना ते मान्य नाही.

2025 च्या उन्हाळ्यात पुतण्याने कळवलं, की तो नोकरी सोडून कायमचा परत येतोय. काकूंना बोलवेना. मग म्हणाल्या, “गणपतीला ये. तुझ्या हातून बसवू.” आप्पांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि ते बोटांवर मोजायला लागले. ऑक्टोबर एकतीस, नोव्हेंबर तीस, डिसेंबर एकतीस, जानेवारी एकतीस, फेब्रुवारी अठ्ठावीस, मार्च एकतीस. “एकशे ब्याऐंशी! बाळ, एका वर्षात 182 दिवस राहिलास की तू निवासी. म्हणजे 1 ऑक्टोबरला उतरलास तरी अडकलास. गांधीजयंतीला उतर.”

“गांधीजयंतीला मोदक करू?” काकू म्हणाल्या.

“आप्पा, त्याने फरक पडत नाही,” पुतण्या फोनवरून म्हणाला. “इतकी वर्षं बाहेर राहिलेल्याला परत आल्यावर मधली एक पायरी मिळते. निवासी, पण सामान्यतः निवासी नाही. तिकडच्या कमाईवर तोवर इकडे कर नाही.”

आप्पा क्षणभर गप्प झाले. “कलम 6, पोटकलम 6,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. तुला माहीत आहे का, ते बघत होतो.”

गणपतीच्या आदल्या रात्री तो आला. दारात काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. आप्पांनी हात पुढे केला तो पासपोर्टसाठी. सगळी पानं उजेडात धरून चाळली, पुन्हा उलट्या बाजूने चाळली.

“आल्याचा शिक्का कुठाय?”

“आता मुंबईला यंत्राचं दार झालंय आप्पा. आधी नोंदणी केली होती. बोट लावलं की दार उघडतं. शिक्का मारत नाहीत.”

“मग तू आलास हे कशावरून?”

“अहो, दारात उभा आहे की तो!” काकू ओरडल्या.

“ते घरच्यापुरतं झालं,” आप्पा म्हणाले. “बोर्डिंग पास फेकला नाहीस ना रे?”